मूत्रपिंडांची फडणिशी

मातीचा कोरा घडा गळ्यापर्यंत पाण्यात उभा करून ठेवला, तर त्याच्या तोंडावाटे एक थेंबही आत न शिरता तो बाजूंनी पाझरत पाझरत भरतो, आणि मनुष्याचा बस्ती, म्हणजे मूत्राशय, हाही मूत्राने तसाच भरतो, असा एक दृष्टांत सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अश्मरीचा, म्हणजे मुतखड्याचा, विचार करताना योजिलेला आहे. चैत्रात कुंभाराकडून आणलेला माठ ज्याने पाण्यात बुडवून पाहिला आहे त्याला हा दृष्टांत ऐकताक्षणी पटेल. तो चुकीचा आहे ही गोष्ट निराळी. परंतु ती चूक अडाण्याची नव्हे. वृक्क, म्हणजे मूत्रपिंड, नावाची दोन इंद्रिये या ग्रंथकारांना ठाऊक होती. अथर्ववेदातील एका सूक्तात बस्तीच्या जोडीने गवीनी नावाच्या दोन वाहिन्यांचाही उल्लेख येतो. मूत्राचे रंगरूप पारखून प्रमेहाचे २० प्रकार लावण्याइतके बारीक निरीक्षण त्यांच्यापाशी होते. आणि तरीही चरकाने वृक्कांची नेमणूक केली ती मेदोवह, म्हणजे चरबी वाहणाऱ्या, स्रोतसाच्या मुळाशी. मूत्रवह स्रोतसाचे मूळ म्हणून मान मिळाला तो बस्तीला आणि वंक्षणांना, म्हणजे जांघांना. इंद्रिय माहीत, वाहिनी माहीत, द्रव माहीत, आणि तिघांची सांगड तेवढी घालावयाची राहून गेलेली, अशी ही स्थिती होती.

ती सांगड दुसऱ्या शतकात गॅलेनने घातली. प्यालेल्या पाण्याची आतल्या आत वाफ होते व ती मूत्राशयात जाऊन पुन्हा पाणी होते, असे अस्क्लेपिआडीझ नावाच्या एका जुन्या वैद्याचे मत त्या काळी प्रचलित होते, आणि ते ऐकून गॅलेनचा पारा चढे. त्याने जिवंत जनावराच्या दोन्ही मूत्रवाहिन्या दोऱ्याने बांधून दाखविल्या: मूत्राशय कोरडेच राहिले, आणि गाठीच्या वरच्या अंगाला वाहिन्या फुगून तट्ट झाल्या. गाठी सोडताच मूत्राशय भरू लागले. मूत्र कोठे तयार होते हा वाद वास्तविक तेथेच निकालात निघाला. ते कसे तयार होते, या प्रश्नाला मात्र पुढे सतरा शतके लागली, आणि त्याचे जे उत्तर अखेरीस हाती आले ते इतके विलक्षण आहे की आजही सुशिक्षित मनुष्याच्या मनात या इंद्रियसंस्थेचे जे चित्र असते ते त्या उत्तराच्या जवळपासही जात नाही. सामान्य समजूत अशी की ही देहाची मोरी आहे. घाण आली की वाहून न्यावी, एवढेच तिचे काम. माझ्या मते हे वर्णन अन्यायाचे आहे. टाकणे हा या संस्थेच्या कामाचा अगदी लहानसा अंश असून तिचा खरा व्याप राखण्याचा आहे, आणि तिला एखादी उपमा द्यावयाचीच झाली तर ती पेशवाईतील फडणिसाच्या कचेरीची शोभेल, जेथे प्रत्येक रक्कम आधी दप्तरात चढे आणि मग तिची वासलात लागे.

रचना समजून घेण्यास सोपा मार्ग खाटकाच्या दुकानातून जातो. ज्यांना त्याचे वावडे नसेल त्यांनी बोकडाचा एक गुर्दा आणून पाटावर ठेवावा. प्रथम त्यावरची पातळ, चिवट, किंचित निळसर पापुद्र्याची खोळ नखाने धरली की सोललेल्या केळ्याच्या सालीसारखी सरळ निघून येते. मग खाचेच्या बाजूने धारदार सुरीने उभा छेद घ्यावा. बाहेरचा बोटाच्या पेराहून कमी जाडीचा थर तपकिरी-तांबडा आणि रवाळ दिसतो. त्याच्या आतला भाग फिकट असून त्यावर बाहेरून आत येणाऱ्या बारीक सरळ रेघा असतात. आणि या सर्व रेघा जेथे एकवटतात तेथे एक पांढरट, रिकामी पोकळी असते, जिच्यातून मूत्रवाहिनी बाहेर पडते. मनुष्याचे मूत्रपिंड यासारखेच, एवढाच फरक की बोकडात आतल्या थराचा एकच सलग कंगोरा असतो, तर मनुष्यात त्याचे ८ ते १८ निरनिराळे शंकू झालेले असतात. लांबी सुमारे ११ सेंटिमीटर, वजन सुमारे १५० ग्रॅम. पाठीच्या कण्याच्या दोहो अंगांना, शेवटच्या फासळ्यांच्या आडोशाला, उदरपोकळीच्या पडद्यामागे, चरबीच्या गादीवर दोघांचा मुक्काम असतो, आणि वर यकृताने जागा अडविल्यामुळे उजवे डाव्याहून जरा खाली सरकलेले असते. दोघांचे मिळून वजन देहाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पण हृदय जेवढे रक्त फेकते त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा, मिनिटाला लिटरभराहून अधिक, या दोघांकडे जातो. इतक्या लहान इंद्रियाला इतका मोठा वाटा का, ही शंका जुन्या शरीरशास्त्रज्ञांना येऊ नये हेच आश्चर्य.

आतल्या रेघा म्हणजे नळ्या आहेत हे १६६२ मध्ये फ्लॉरेन्सच्या लोरेंझो बेलिनीने दाखविले. त्या वेळी त्याचे वय अवघे १९ वर्षांचे होते. चार वर्षांनी माल्पीगीने बाहेरच्या थरात रक्तवाहिन्यांना लोंबणारे, झाडाला फळे धरावीत तसे, सूक्ष्म गोळे पाहिले. गोळा आणि नळी यांचा संबंध जुळावयास १८४२ साल उजाडले: लंडनमध्ये विल्यम बोमनने सिद्ध केले की प्रत्येक गोळा हा केशवाहिन्यांचा गुच्छ असून नळीचेच टोक फुगून त्याच्याभोवती पेल्यासारखे बसलेले असते. गुच्छ, पेला आणि त्यापुढची वळणावळणाची नळी मिळून जो घटक होतो त्याला आपण नेफ्रॉन म्हणतो, आणि असे सुमारे १० लाख घटक प्रत्येक मूत्रपिंडात असतात. ते जन्मतःच ठरतात, पुढे नवा एकही घडत नाही.

बोमनचा शोध आणि त्याचा कयास यांत मात्र अंतर होते. त्याच्या मते गुच्छातून केवळ पाणी येई आणि टाकाऊ द्रव्ये नळीच्या भिंतीतून त्यात सोडली जात. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लुडविगने याच्या उलट बाजू मांडली: गुच्छातून रक्ताच्या दाबामुळे रक्तद्रवच्या रक्तद्रव गाळला जातो, फक्त प्रथिने आणि रक्तपेशी मागे राहतात, आणि पुढे नळी त्यातले पाणी परत शोषून घेते. हायडेनहाइनसारख्या मातब्बर शास्त्रज्ञाला हे असंभाव्य वाटले. एवढे पाणी आधी बाहेर काढावयाचे आणि मग जवळजवळ सगळे परत आत घ्यावयाचे, असला द्राविडी प्राणायाम निसर्ग कशाला करील, हा त्याचा आक्षेप, आणि तो व्यवहारी मनुष्याला पटण्यासारखाच होता. हा खटला सुमारे ८० वर्षे चालला. त्याचा निकाल १९२४ मध्ये फिलाडेल्फियात वेअर्न आणि रिचर्ड्स यांनी बेडकाच्या मूत्रपिंडावर लावला. केसाहून बारीक टोकाची काचेची नळी सूक्ष्मदर्शकाखाली एकाच गुच्छाच्या पेल्यात खुपसून त्यांनी तेथला थेंब बाहेर काढला आणि तपासला. त्या थेंबात साखर होती, क्षार होते; त्याच बेडकाच्या मूत्राशयातील मूत्रात ती नव्हती. म्हणजे ती गाळली गेली होती आणि वाटेत कोणी तरी परत घेतली होती. लुडविगचा कौल खरा ठरला.

आकडे पाहिले म्हणजे हायडेनहाइनचा अविश्वास क्षम्य वाटू लागतो. मनुष्याच्या दोन्ही मूत्रपिंडांतून मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर, दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. अंगातला एकूण रक्तद्रव ३ लिटरांच्या आसपास. तेव्हा तो सबंध दिवसातून ६० वेळा या चाळणीवर चढतो. त्यातून प्रत्यक्ष लघवी होते ती एक-दीड लिटर. शंभरातले ९९ भाग परत. मिठाचा हिशेब तर याहून मौजेचा आहे: रोज सुमारे दीड किलो मीठ गुच्छांतून बाहेर पडते आणि आदल्या दिवशी जेवणातून जेवढे आले असेल तेवढेच काही ग्रॅम लघवीत सोडून बाकीचे परत खजिन्यात जमा होते. साखर निरोगी माणसात संपूर्ण परत घेतली जाते. रक्तातील तिचे प्रमाण १०० मिलिलिटरला १८० मिलिग्रॅमच्या वर गेले की परत घेणाऱ्या कारकुनांचे हात अपुरे पडतात आणि ती लघवीत उतरते. जुन्या वैद्यांना मुंग्यांनी दाखविलेला मधुमेह तो हाच.

आता हा उपद्व्याप कशासाठी, या प्रश्नाला मला सर्वांत समाधानकारक वाटणारे उत्तर होमर स्मिथ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने दिले. १९५३ मधील त्याचे पुस्तक माशापासून तत्त्वज्ञापर्यंतची मूत्रपिंडाची कुळकथा सांगते. त्याचे म्हणणे असे की आपले पूर्वज गोड्या पाण्यातले मासे असताना त्यांच्या अंगात पाणी अखंड घुसत असे आणि ते उपसून टाकण्याकरिता हा दाबाचा पंप तयार झाला. पुढे जमिनीवर आल्यावर पाणी मौल्यवान झाले, पण पंप मोडून टाकणे वंशपरंपरेला साधत नसल्यामुळे त्याच्यापुढे परत घेण्याची लांबच लांब व्यवस्था जोडली गेली. या कथेत तर्काचा भाग बराच आहे. मात्र या रीतीचा एक लाभ निर्विवाद आहे. टाकाऊ पदार्थ ओळखून टाकावयाचे असते, तर प्रत्येक नव्या विषासाठी नवा पहारेकरी नेमावा लागला असता. येथे सगळेच बाहेर काढून ओळखीचे तेवढे परत घेतले जाते. ज्याची ओळख नाही ते आपसूक हद्दपार होते.

परत घेण्याच्या या व्यवस्थेतील सर्वांत चतुर भाग म्हणजे नळीचे ते केसाच्या काट्यासारखे वळण, जे बाहेरच्या थरातून आतल्या थरात खोल उतरते आणि तसेच परत वर येते. १८६२ मध्ये याकोब हेन्लेने ते वर्णिले, पण त्याचा उपयोग पुढे ऐंशी-नव्वद वर्षे कोणालाच कळला नाही. आणि तो कळला तेव्हा सांगणारा वेर्नर कून हा वैद्यही नव्हता, बाझलचा भौतिक-रसायनज्ञ होता. उतरती आणि चढती नळी शेजारीशेजारी, प्रवाह एकमेकांच्या उलट, आणि चढत्या नळीची भिंत क्षार बाहेर ढकलणारी पण पाण्याला अडविणारी: एवढ्या तीन अटींवर टप्प्याटप्प्यास थोडा थोडा फरक पडत जाऊन तळाशी तो प्रचंड होतो. १९५१ मध्ये कूनचे सहकारी विर्त्स आणि हार्गिताय यांच्यासह याची जी परीक्षा झाली ती मुद्दाम सांगण्यासारखी आहे. उंदराच्या मूत्रपिंडाचे गोठविलेले पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांतले बर्फाचे कण केव्हा वितळतात हे ते पाहत बसले. मीठ अधिक तेथे बर्फ कमी तापमानालाच वितळते. कापाच्या आतल्या टोकाचे कण आधी वितळले, बाहेरच्या थराचे शेवटी. आतला थर जितका खोल तितका खारट, हे डोळ्यांनी दिसले. या खारट थरातून लघवीच्या शेवटच्या नळ्या उतरतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीकडून हुकूम आला की त्यांच्या भिंतींतली पाण्याची दारे उघडतात आणि पाणी आपोआप खारट बाजूला खेचले जाते. हुकूम नसला की दारे बंद, आणि लघवी पाण्यासारखी. उन्हात दिवसभर औत हाकणाऱ्या शेतकऱ्याची लघवी गडद पिवळी व थोडकी का, आणि लग्नघरी मठ्ठ्यावर मठ्ठा पिणाऱ्या वऱ्हाड्याला दर अर्ध्या तासाने का उठावे लागते, याचा निवाडा या दारांवर होतो. घट्टपणाला मात्र मर्यादा आहे: रक्ताच्या चौपटीपेक्षा मनुष्य आपले मूत्र अधिक घट्ट करू शकत नाही, आणि म्हणून समुद्राचे पाणी पिऊन कोणी जगत नाही.

मूत्रपिंडाकडे इतरही खाती आहेत. त्यांचा येथे उल्लेखच पुरे. रक्तदाब घसरला की रेनिन नावाचे द्रव्य सोडून ते दाब सावरते. रक्तात प्राणवायू कमी झाला की एरिथ्रोपोएटिन पाठवून अस्थिमज्जेला तांबड्या पेशी घडविण्याचा तगादा लावते. आणि ड जीवनसत्त्वाला शेवटचा शिक्का येथेच बसतो. मूत्रपिंड निकामी झालेला रोगी पांढराफटक का पडतो आणि त्याची हाडे का ठिसूळ होतात, हे कोडे यावरून सुटते.

मूत्रवाहिन्या पाव मीटरहून थोड्या लांब. त्या आकुंचनाच्या लाटांनी मूत्र पुढे ढकलतात, म्हणून निजलेल्या मनुष्याचेही मूत्राशय भरते. आणि त्या मूत्राशयाच्या भिंतीत तिरप्या शिरतात, म्हणून भरलेले मूत्राशय स्वतःच्या दाबाने त्यांची तोंडे मिटून टाकते. मूत्राशयाची ओळख मला पुस्तकापेक्षा एका तपासणी केंद्राच्या बाकावर अधिक चांगली झाली. सोनोग्राफीसाठी चार-पाच पेले पाणी पिऊन थांबा, लघवीला जाऊ नका, असे बजावून बाईंनी मला बसविले आणि माझा क्रमांक दीड तास लावला नाही. बाकावर आम्ही सहाजण. सगळ्यांच्या हातात बाटल्या, सगळ्यांचे गुडघे जुळलेले, आणि बोलणे बंद. पहिली जाणीव दीडशे मिलिलिटरच्या सुमारास होते असे पुस्तके सांगतात. ती किरकोळ असते, विसरता येते. पुढे तीनशे-चारशेच्या घरात कळ येते, पण ती सतत राहत नाही: ती चढते, शिखर गाठते, आणि दात आवळून तेवढा क्षण निभावला तर मागे सरते व काही मिनिटांनी अधिक जोराने परत येते. मूत्राशयाचा स्नायू पाठीच्या कण्यातील आपल्या ठाण्याकडे तक्रार नेतो, ठाणे त्याला आकसण्याची आज्ञा देते, आणि वर बसलेला मेंदू ती आज्ञा तूर्त तहकूब करतो, असा तो झगडा आहे. तान्ह्या मुलात वरची कचेरी अजून सुरू झालेली नसते. शाळेत करंगळी वर करून ‘एकीला जाऊ का’ विचारणारे पोर हे या अर्थी मज्जासंस्थेच्या एका मोठ्या विजयाचे चिन्ह होय.

मूत्रमार्ग पुरुषात १८ ते २० सेंटिमीटर, स्त्रीत अवघा ४. या एका मोजमापाने दोघांच्या दुखण्यांत किती फरक पडावा! आतड्यातील जंतूंना ४ सेंटिमीटरचे अंतर म्हणजे काहीच नव्हे, आणि म्हणून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग हा मुख्यतः स्त्रियांच्या वाट्याला येतो. आपल्याकडे लघवीची जळजळ झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणून धन्या-जिऱ्याचे पाणी देतात. लघवी नुसती गडद झाल्याने आग होत असेल तर ते ठीकच, पण थंडी वाजून ताप आला किंवा कुशीत दुखू लागले की ती उन्हाळी राहत नाही. आणि येथे दोष शरीररचनेवर सगळा टाकता येत नाही. दिवसभर भाजी विकणारी बाई, एस.टी.ने लांबचा प्रवास करणारी शिक्षिका, यांना वाटेत स्वच्छ जागा नसते, म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मुंबईत २०११ मध्ये स्त्रियांच्या संघटनांनी सुरू केलेल्या ‘राइट टू पी’ चळवळीला नावावरून हसणारे पुष्कळ भेटले. मूत्राशयाची क्षमता ठाऊक असलेल्याला त्यात हसण्याजोगे काही दिसणार नाही.

मुतखड्याच्या बाबतीतही पाणी कमी पिण्याचा हाच दोष भोवतो. खडा मूत्रवाहिनीत उतरून तिच्या तीन अरुंद जागांपैकी एकीत अडकला की कुशीतून जांघेकडे जी कळ धावते तिने मनुष्य एका जागी पडून राहू शकत नाही. पोटाच्या इतर अनेक दुखण्यांत रोगी निपचित पडतो, हा येरझारा घालतो. सुश्रुताने मूत्राशयातील खडा शस्त्राने काढण्याची कृती तपशिलाने सांगितली असून ती करण्यापूर्वी राजाची परवानगी घ्यावी, आणि खड्याचा कणही आत ठेवू नये, तो पुन्हा वाढतो, असे बजाविले आहे. दोन्ही सूचना अनुभवाच्या आहेत. १९८० मध्ये म्यूनिक येथे बाहेरून आघातलहरी सोडून खडा फोडण्याची रीत प्रथम रुग्णावर वापरली गेली, आणि आता बरेच खडे शस्त्राविना जातात. कुळथाच्या कढणाचा आणि पानफुटीच्या पानांचा महिमा घरोघर ऐकू येतो. त्यांच्याबरोबर पोटात जाणाऱ्या पाण्यावर माझा अधिक विश्वास आहे.

या संस्थेचा खरा शत्रू मात्र कळ न आणणारा आहे. मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षे गुच्छामागून गुच्छ बुजवीत जातात, आणि वेदनाशामक गोळ्या मनाला येईल तशा घेण्याची सवय त्यांना हातभार लावते. रक्तातील क्रिएटिनिन हे ज्या कामाचे माप ते काम निम्म्यावर येईपर्यंत हा आकडा जेमतेम हलतो. फडणीस निम्मे कारकून गमावूनही ताळेबंद वेळेवर सादर करीत राहतो. अलीकडे या बाबतीत जे एक नवे औषध हाती आले त्याची वंशावळ गमतीची आहे. १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचे कडू द्रव्य निघाले; १८८६ मध्ये फॉन मेरिंगने दाखविले की ते दिले असता निरोगी प्राण्याच्याही लघवीत साखर उतरते. नळीतले साखर परत घेणारे दार ते बंद करते. त्याच धर्तीवर बनलेल्या गोळ्या २०१२-१३ पासून मधुमेहावर मिळू लागल्या, आणि पुढे असे आढळले की त्या मूत्रपिंडाचा ऱ्हासही मंदावतात.

ऱ्हास पुरा झाला की यंत्र. नाझी अंमलाखालील हॉलंडमध्ये, कांपेन गावी, विलेम कॉल्फने १९४३ मध्ये सॉसेजच्या सेलोफेन वेष्टनाची लांब नळी लाकडी पिपाभोवती गुंडाळून पहिले कृत्रिम मूत्रपिंड चालविले. पहिले बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ च्या सप्टेंबरात ६७ वर्षांची एक बेशुद्ध बाई त्याने शुद्धीवर आणली. आज आठवड्यातून तीनदा, चार-चार तास अशा यंत्राला जोडले जाणारे, मनगटाजवळ शीर व धमनी जोडून घेतलेल्या फिस्टुलावर बोट ठेवले तर मांजराच्या घुरघुरीसारखी थरथर लागणारे रुग्ण जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. ते पाणी कपाने मोजून पितात. यंत्र टाकण्याचे काम बऱ्यापैकी करते; निवडून परत घेण्याचे, मिनिटामिनिटाला हात आखडण्याचे अथवा सैल सोडण्याचे काम त्याला येत नाही.

ते पुन्हा मिळते फक्त दुसऱ्याचे मूत्रपिंड बसविल्याने. भारतात वेल्लोरला १९७१ मध्ये हे साधले. जगात पहिले यश बॉस्टनचे, २३ डिसेंबर १९५४ चे, जेव्हा जोसेफ मरे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रोनाल्ड हेरिकचे एक मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला, दिले. नवे मूत्रपिंड जुन्याच्या जागी बसवीत नाहीत, जांघेच्या वर खोलगट भागात ठेवतात; जुनी बहुधा तशीच राहतात. रोनाल्डचे मूत्रपिंड ८२ मिनिटे रक्तावाचून होते. चिमटे सुटले, करडा पडलेला गोळा गुलाबी होऊन टरारला, आणि जिचे टोक अजून मूत्राशयाला शिवावयाचे होते त्या मूत्रवाहिनीतून लघवी अशी वाहू लागली की ती जमिनीवरून पुसून काढावी लागली.